पहिला भात कुणाच्या हातचा

२ ऑगस्ट

पुन्हा ताप!

उन्नती शाळेतून आली ती दप्तर सोफ्यावर टाकून तशीच आडवी झाली. म्हटलं, हातपाय धू आधी, बाहेरचं सगळं घरात आणू नको. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. थर्मामीटर कपाटातून काढला आणि नुसता हातात धरून बसले. लावायची हिंमत होईना.

अख्खा जुलै हिच्या टायफॉईडमध्ये गेला. आत्ता कुठे शाळेत जायला लागली होती. गोळी मी एकही चुकवली नाही. मोबाईलवर अलार्म लावून दिल्या, पोरगी तोंड वाकडं करायची, नाक दाबून दिल्या. मग हे काय? आमच्याच घराच्या मागे काय लागलंय हे मेलं?

भाविकचं सगळं डोळ्यासमोर आलं. नाही. आज नाही लिहिणार.

३ ऑगस्ट

डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. "परत टायफॉईडच वाटतोय. रक्त कल्चरला पाठवू. नुसत्या साध्या टेस्टवर आता भरवसा नको."

मग ठरलेला प्रश्न — पाणी कुठलं पिता?

डोकंच फिरलं! म्हटलं, "मॅडम, पाणी उकळून उकळून पातेल्याचं बूड गेलं माझ्या. वर फिल्टर. पाणीपुरी बंद, बर्फाचा गोळा बंद, शाळेत घरची बाटली. आता काय पाणी प्यायचंच सोडायचं?" भूपेशने खुर्चीखालून माझा पाय दाबला. नवऱ्याला डॉक्टरसमोर बायकोची लाज वाटते, पोरीच्या तापाची नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मग कुठून येतंय, ते शोधायला हवं."

शोधा. मी तर थकले.

५ ऑगस्ट

आई — माझ्या सासूबाई, जानकीबाई — सकाळपासून उन्नतीच्या उशाशी बसून आहेत. म्हणतात, "मुदतीचा ताप हाय यो. मुदत भरल्याबिगर जाचा न्हाय. मुदत भरली का आपला आपण जातं."

टायफॉईड हा शब्द त्या तोंडात घेत नाहीत. त्यांचा तो मुदतीचा ताप. जणू भाडेकरू आहे, करार संपला की खोली सोडून जाईल!

त्यांच्या लहानपणी वज्रेश्वरीकडच्या त्यांच्या गावात आला होता. तापाला उपाशी मारायचा असं तेव्हाचं औषध. खायला काही नाही, नुसतं पेजेच्या वरचं पाणी. त्यांची दोन भावंडं गेली. तापाने गेली की उपासमारीने, कुणास ठाऊक. आई तेवढ्या उठल्या, डोक्यावरचे केस सगळे गळून. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, जानकीच्या हाताला गुण आहे.

आमच्याकडे असंच मानतात. मुदतीच्या तापातून जी बाई उठली, तिला तो ताप पुन्हा शिवत नाही, आणि तिच्या हातचा पहिला भात खाल्ला की आजारी माणूस उठतं. ताप उतरला की आईंना बोलावणं येतं. मऊ भात, वर तूप-मीठ, हाताने अगदी लगदा करायचा आणि पहिला घास त्यांनी भरवायचा. पूर्ण आळी त्यांना नेते. गेल्याच महिन्यात पुतळाबाई आपल्या सुनेसाठी घेऊन गेली, वर नारळ आणि ब्लाऊजपीस.

उन्नतीचाही पहिला भात जुलैत त्यांनीच भरवला. किती आनंदात होतो सगळे.

६ ऑगस्ट

ताप हलत नाही. खाली भाड्याने दिलेले लूम, कापडाचे माग, खडखडतायत. पोरगी कानावर उशी दाबून पडलीय. म्हणाली, "मम्मी, त्यांना सांग ना बंद करायला." सांगून आले. लूमवाला चांगला माणूस. "भाभी, शिफ्ट है, मालिक का माल है," असं म्हणाला, तरी अर्धे बंद ठेवले त्याने. तरी पोरीला झोप नाही.

८ ऑगस्ट

अ‍ॅडमिट केलं.

कल्चरचा रिपोर्ट आला. टायफॉईडच, आणि आपण जुलैत दिलेल्या गोळ्यांना तो आता दाद देत नाही म्हणे. मॅडम सांगत होत्या — पूर्वी एक कॅप्सूल निघाली, लोकांना वाटलं संपला टायफॉईड. मग त्या कॅप्सूलला जंतू सरावले. दुसरं औषध काढलं, त्यालाही सरावले. आता इंजेक्शन. "अजून चालतंय," म्हणाल्या. अजून!

उन्नतीच्या हातात सुई टोचली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. रडायचं त्राण नाही पोरीत.

९ ऑगस्ट

नारळीपौर्णिमा. भूपेश कशेळीच्या गोडाऊनवरून ड्युटी करून परस्पर हॉस्पिटलात आला. खाडीवर नारळ सोडायला घरातून कुणी गेलं नाही. वाटलं, सोडायला हवा होता का? असलं काही मनात यायला लागलं की समजावं, आपण खचलो.

१० ऑगस्ट

करिष्मा आली. माझी धाकटी जाऊ. दारातच उभी राहिली, आत येईना. खाटेकडे बघायचं धाडस होत नव्हतं तिला.

लिहूनच टाकते. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तिचा भाविक गेला. सहा वर्षांचा. याच तापाने. ताप उतरला, पोरगं उठून बसलं, कार्टून लाव म्हणाला. करिष्माने गोळ्या बंद केल्या, ताप तर गेला ना! आईंनी पहिला भात भरवला. आम्ही सगळे भोवती. आणि त्याच संध्याकाळी त्याचं पोट लाकडासारखं झालं. ठाण्याला नेईपर्यंत संपलं सगळं. आतडं फुटलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. टायफॉईडमध्ये आतडं कागदासारखं पातळ होतं, ताप गेला तरी आत जखमा असतात.

तेव्हापासून करिष्मा स्वयंपाकघरात येत नाही. एकच धोशा — मी गोळ्या बंद केल्या, मी मारलं माझ्या पोराला. दीर कुमार समजावून दमला. वर्ष झालं, सगळ्या घराचं जेवण मी एकटी रांधते. मी कधी बोलून दाखवलं नाही.

आज दारातूनच म्हणाली, "ताई, गोळ्या बंद करू नका हं." आणि पळत सुटली.

११ ऑगस्ट

आज मॅडमनी केबिनमध्ये बसवलं. घरात कोण कोण, चूल एक की वेगळी, सगळं विचारलं. एका घरात दोन वर्षांत दोन मुलं, आणि एकीला दोनदा. "पाण्याचं असतं तर गल्लीत अजून पोरं पडली असती. मला वाटतं, हे घरातूनच येतंय."

घरातून म्हणजे?

मग सांगितलं त्यांनी. काही माणसं टायफॉईडमधून बरी होतात, पण जंतू जात नाही. पित्ताशयात ठाण मांडून बसतो. वर्षानुवर्षं. त्या माणसाला काही होत नाही, ठणठणीत असतं. काहींना तर आपल्याला कधी ताप आला होता हेही आठवत नसतं. जंतू संडासवाटे पडत राहतो, हात जरा कमी धुतला गेला की अन्नात जातो. गरम अन्नात मरतो. पण निवलेलं अन्न, हाताने कालवलेलं...

"पित्ताशयात खडे असतील तर जंतूला आयतं घर मिळतं," म्हणाल्या. "घरात कुणाला आहेत?"

आईंना आहेत. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत निघाले. ऑपरेशन नको म्हणाल्या त्या.

हाताने कालवलेला भात. निववून. लहानपणी मुदतीचा ताप. पित्तात खडे.

बाहेर येऊन बाकावर बसले तर भूपेश विचारतो, "काय झालं?" काय सांगू तुला, काय झालं!

१२ ऑगस्ट

मोबाईलवर वाचत बसले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे अमेरिकेत एक स्वयंपाकीण होती. ज्या घरात कामाला जाई, त्या घरात टायफॉईड. तिला स्वतःला काही नाही. पकडायला आले तर म्हणाली, मी कुठे आजारी आहे? शेवटी एका बेटावर नेऊन ठेवली, जन्मभर.

वाचताना मला आईच दिसत होत्या. आळीभर फिरणाऱ्या, नारळ-ब्लाऊजपीस घेऊन येणाऱ्या. किती जणांना भरवलं असेल? आणि पहिला भात म्हणजे तरी कधी — आजारी माणूस सगळ्यात अशक्त असतं तेव्हा!

मॅडमनी घरातल्या सगळ्यांचं शौचाचं सॅम्पल मागितलंय. डब्या दिल्यात.

१३ ऑगस्ट

झालं. बोलून बसले.

आई दुपारी डबा घेऊन आल्या. पेज आणली होती. स्टूल ओढून बसल्या, वाटीत बोट घालून बघितलं गरम आहे का, आणि उन्नतीच्या तोंडाशी नेणार, तेवढ्यात मी वाटी हिसकावली. पेज सगळी चादरीवर. उन्नती घाबरून बघायला लागली.

आई म्हणाल्या, "काय गो, काय जाला?"

मी म्हटलं, "हात लावू नका तिला. तुमच्या हातात गुण नाही, विष आहे! भाविक तुमच्या हातचं खाऊन गेला. आता ही राहिलीय."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स आली. भूपेश नुसता "निशा, निशा" करत राहिला. आईंना मी सांगितलं सगळं, खडे, जंतू, डब्या. ओरडून सांगितलं. त्यांना किती कळलं माहीत नाही. भाविकचं तेवढं कळलं.

रिकामी वाटी उचलून त्यांनी डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "माझे पोटान काय हाय ता बघाचा हाय ना? दे ती डबी."

सत्तरीची बाई. माझ्या हातून डबी घेऊन पदराखाली लपवत संडासाकडे गेली. घरात माझ्यादेखत कधी त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. मला तेव्हा दया आली नाही. खरं लिहिते, आली नाही.

१४ ऑगस्ट

आई गेल्या. माहेरी, भाच्याकडे, वज्रेश्वरीला. भूपेश बसमध्ये बसवून आला. माझ्याशी बोलत नाही. न बोलो! पोरगी मरायला टेकलीय आणि ह्याला आईचा मान.

भूपेश, कुमार, करिष्मा, सगळ्यांनी डब्या दिल्या. माझी राहिली. या धावपळीत सुचतंय कुणाला? आणि मला काय होणार? लग्न होऊन आले तेव्हापासून साधी शिंकले नाही, आईच म्हणायच्या, निशा म्हणजे दगड. नर्स म्हणाली, "द्या हो ताई, नियम आहे." बघू.

आता उन्नतीला फक्त माझ्या हातचं. सकाळी घरी जाऊन करते, डब्यात आणते, इथे बसून निववते आणि भरवते. चमचा तिला नको असतो, दाताला लागतो म्हणते. हातानेच भरवते. हॉस्पिटलच्या बेसिनला साबण कधी असतो, कधी नसतो. पण निदान मला माहीत तरी आहे कुणाचा हात आहे तो.

१६ ऑगस्ट

आळीत पसरलं. कोण बोललं कोण जाणे. हॉस्पिटलात मीच एवढी ओरडले होते, कुणाला विचारायचं! पुतळाबाई वाटेत भेटली. "माझी सून तर बरी हाय, पन आता भीतीच वाटते गो. कुनाला सांगू नको, मी तो ब्लाऊजपीस परत मागनार न्हाय." ब्लाऊजपीसचं पडलंय हिला!

सगळ्या बायका तेच बोलतायत. जानकीच्या हातात मरण होतं.

१७ ऑगस्ट

करिष्मा आली. आज आत आली. खाटेच्या कडेवर बसली, उन्नतीच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, म्हणजे माझ्यामुळे नाही ना? गोळ्यांमुळे नाही?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझ्यामुळे नाही. मुळात तो ताप घरात आणला कुणी?"

ती रडली. हमसून हमसून. वर्षभरात एवढी रडली नव्हती. आणि मग मी आणलेल्या डब्यातला भात घेतला आणि जेवली! माझ्यासमोर बसून, पोटभर जेवली. जाताना म्हणाली, "आईंचं तोंड मी आता बघणार नाही."

मला वाटलं, काही का असेना, एक बाई तरी मी वाचवली.

१८ ऑगस्ट

आईंचा रिपोर्ट — निगेटिव्ह.

मॅडम म्हणाल्या, एकदा निगेटिव्ह म्हणजे सुटले असं नाही, जंतू रोज पडत नाहीत. अजून दोनदा तपासू. भूपेश वज्रेश्वरीला जाऊन सॅम्पल आणणार.

मला ते निगेटिव्ह नको होतं. लिहिताना लाज वाटते, पण नको होतं. पॉझिटिव्ह आलं असतं तर बरं वाटलं असतं मला. काय झालंय माझं!

बाकी तिघांचेही निगेटिव्ह. मॅडमनी माझं नाव यादीत बघितलं. "तुमचं अजून आलेलं नाही." दिली मग डबी. कटकट नको म्हणून.

१९ ऑगस्ट

सकाळी उन्नतीला शी झाली. काळी. डांबरासारखी. नर्स बघून पळतच गेली.

आतून रक्त जातंय.

२० ऑगस्ट

रक्ताची बाटली लावलीय. सर्जन येऊन पोट बघून गेले. म्हणाले, "वाट बघू. फुटलं तर लगेच घेऊ ऑपरेशनला." सही घेतली. भूपेशने केलेल्या सहीचं अक्षर त्याचं वाटेना.

पोट दाबतात तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघते. भाविकचं पोट मी स्वतः हात लावून बघितलं होतं गेल्या वर्षी. कडक. लाकूड. तो हात अजून तसाच आहे माझा.

२१ ऑगस्ट

काही खायला द्यायचं नाही. तोंडाने पाणीसुद्धा नाही. उन्नती ओठ चाटते. "मम्मी, पाणी." नाही देता येत. "मम्मी, थोडंसं." मी तान्ही असताना माझ्या आईचं दूध सुकलं होतं म्हणे, तेव्हाही मी अशी रडले नसेन. कापूस ओला करून ओठांना लावला. तो तिने चोखायचा प्रयत्न केला.

देवा, घ्यायचं असेल तर मला घे. हे सगळेच म्हणतात, म्हणून तू ऐकत नाहीस का?

२२ ऑगस्ट

भूपेश बोलला. किती दिवसांनी. वज्रेश्वरीहून आला होता आईंचं सॅम्पल घेऊन. म्हणाला, "आई जेवत नाही. मामेभाऊ सांगत होता. पोरीचं कळल्यापासून गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन बसते. गावात एक बाई तापातून उठली, तिला भरवायला बोलवलं तर गेली नाही. हात झाकून बसते."

मी कापूस ओला करून उन्नतीच्या ओठांना लावला.

"तू तिला असं बोलायला नको होतं," म्हणाला. मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे." तो उठून गेला.

२४ ऑगस्ट

रक्त थांबलं. असं वाटतंय. शी आज काळी नव्हती. मॅडम हसल्या, पहिल्यांदाच. मी हसले नाही. भाविकही उठून बसला होता.

उन्नती विचारते, "आजी का येत नाही?" म्हटलं, गावाला गेलीय. "मला आजीच्या हातचा भात पाहिजे. तूप घालून." म्हटलं, मी भरवीन. तोंड फिरवलं पोरीने. तापातसुद्धा हट्ट!

आईंचा दुसरा रिपोर्ट. निगेटिव्ह.

२५ ऑगस्ट

घरी जाऊन आले, कपडे घ्यायला. आईंच्या खोलीत गेले. कॉटवर गोधडी नीट घडी करून ठेवलेली. परत यायचंच नसल्यासारखी घडी. बसले जरा. मग तिथे बसवेना.

समजा आई नसतील तर? मग कोण? करिष्मा स्वयंपाकघरात येत नाही. पुरुष भांड्याला हात लावत नाहीत. मग ते पाण्यातूनच आलं असेल. शाळेतून आलं असेल. मॅडमलाही सगळं माहीत असतं असं थोडंच आहे!

तिसरा रिपोर्ट बाकी आहे अजून. मॅडमच म्हणाल्या होत्या, रोज पडत नाही.

२७ ऑगस्ट

गणपती. आमच्याकडे यंदा नाही आणला. भाविकचं वर्षश्राद्ध कालच झालं, आईंशिवाय. करिष्माने स्वतः स्वयंपाक केला म्हणे! कुमारने फोन करून सांगितलं. वर्षानंतर तिने चुलीला हात लावला. तुमच्यामुळे वहिनी, म्हणाला.

उन्नतीचा ताप आज सकाळी नव्हता. दुपारी नव्हता. मी कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल.

२८ ऑगस्ट

ताप नाही!

मॅडमनी पोट बघितलं, मऊ आहे. इंजेक्शन चालूच राहणार, एकही चुकवायचं नाही. पण उद्यापासून तोंडाने द्यायला हरकत नाही म्हणाल्या. "आधी पेज, मग मऊ भात. अगदी मऊ."

बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले. भूपेशही रडला. आम्ही दोघं एकमेकांना धरून, सगळ्या वॉर्डासमोर. लाज वाटली नाही.

उद्या पहिला भात. सकाळी घरी जाऊन करीन, आंबेमोहोर, साजूक तूप. आणि मी भरवीन. माझ्या हाताने. कुणाचा गुण नको आम्हाला. आई असतो आपण, तेवढा गुण पुरे.

२९ ऑगस्ट

डबा घेऊन वॉर्डात शिरणार, तेवढ्यात मॅडमनी बाजूला घेतलं. आईंचा तिसराही निगेटिव्ह. माझा पॉझिटिव्ह.

उन्नती आतून ओरडतेय — मम्मी, भूक लागली, भरव ना! मी दाराबाहेर आहे. डबा गरम आहे अजून. भूपेशला म्हटलं, वज्रेश्वरीला जा, आईंना घेऊन ये, पाया पड त्यांच्या. त्याने विचारलं, करिष्माला काय सांगू?